निदान होत नाहीये, आजार मात्र रोज आहे: फाइल, डॉक्टर, टेस्ट आणि दिवस कसा लावायचा

सगळे रिपोर्ट नॉर्मल आणि तुम्ही मात्र आडवे, अंघोळ केली की दिवस संपला, असं महिनोन्महिने चाललं असेल तर हे वाचा. या आजारपणात बहुतेक लोक मेहनत भरपूर करतात पण क्रम उलटा लावतात. आधी चार स्पेशालिस्ट, मग दिसेल ती टेस्ट, आणि नोंदी ठेवायला सुरुवात कधी, तर सगळे थकल्यावर. दुसरी गडबड म्हणजे आराम, कामाचे तास, घरातली वाटणी हे सगळं "एकदा निदान होऊ दे, मग बघू" म्हणून पुढं ढकललं जातं, आणि निदानाला कधीकधी वर्षं लागतात. म्हणून शोध वेगळा आणि जगणं वेगळं, दोन्ही एकाच वेळी चालवायचं. खाली क्रमानं लिहिलंय. जमेल तसं तुकड्यातुकड्यात वाचा, एका बसणीत वाचायची गरज नाही.

## आधी हे तपासा, मग पुढं जा

खालचं काही असेल तर डायरी बियरी राहू दे, लगेच दवाखाना:

- छातीत दुखणं, श्वास न पुरणं, बेशुद्ध पडणं
- अचानक एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं
- पाठदुखीसोबत मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा लघवी-संडासवरचा ताबा जाणं
- स्वतःला संपवावं असे विचार येणं. हेही यादीतच आहे, नंतरचं काम नाही

आणि काही गोष्टी इमर्जन्सी नसतात पण "बघू" म्हणून सोडायच्याही नसतात: प्रयत्न न करता सहा महिने-वर्षात ५ टक्क्यांहून जास्त वजन घटणं, संडासवाटे रक्त, रात्री कपडे भिजतील इतका घाम, न हटणारा ताप, वाढत जाणारी गाठ. यातलं काही असेल तर पुढच्या भेटीत पहिलं वाक्य तेच.

## १. कागद एका जागी आणा

फाइल तारखेनं लावा, डॉक्टरप्रमाणे नको. डॉक्टरप्रमाणे लावली की आजार कसा सरकत गेला ते कुणालाच दिसत नाही. एमआरआय, सीटी यांचा नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, मूळ इमेजेस सीडीवर किंवा लिंकवर मागून घ्या, कारण दुसरा रेडिऑलॉजिस्ट त्या परत वाचू शकतो आणि कधीकधी वेगळं वाचतो. बायोप्सी झाली असेल तर स्लाइड्सही परत तपासता येतात.

मग औषधांची यादी. यात लोक हमखास अर्धवट लिहितात. गोळी, डोस, कधी सुरू, कधी बंद, का बंद. व्हिटॅमिन, वनौषधी, प्रोटीन पावडर, स्वतःहून आणलेली झोपेची गोळी, इन्हेलर, त्वचेवरचं क्रीम, सगळं. कारण काही तक्रारी औषधांच्याच असतात: कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात, डायबेटिसचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी १२ कमी होऊ शकतं, ॲसिडिटीच्या पीपीआय गोळ्या (पोटातलं आम्ल कमी करणाऱ्या) लांबल्या तर बी १२ आणि मॅग्नेशियम दोन्ही, बीपीच्या काही गोळ्यांनी उभं राहिलं की गरगरतं.

सावध: हे वाचून कुठलीही गोळी स्वतः बंद करू नका. स्टेरॉइड आणि बीटा ब्लॉकर (बीपी-हृदयाच्या काही गोळ्या) तर अजिबातच नाही, ती अचानक थांबवणं धोक्याचं आहे. यादी डॉक्टरांपुढं ठेवा आणि विचारा, "यातल्या कशानं हे होऊ शकतं का?"

## २. दोन आठवडे डायरी, जास्त नाही

रोज चार ओळी. झोप कशी झाली आणि उठल्यावर ताजं वाटलं का, दिवसात काय केलं, सगळ्यात त्रासाचं लक्षण कुठलं आणि किती वाजता, आणि शून्य ते दहात आज किती काम होऊ शकलं. पाळी येत असेल तर तारखा. बस.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यावरून पुढचे सातवा आणि आठवा हे टप्पे बदलतात. काही आजारांत श्रमाचा फटका त्याच दिवशी बसत नाही, १२ ते ४८ तासांनी बसतो, म्हणजे सोमवारी लग्नाला जाऊन आलात, मंगळवारी ठीक, आणि बुधवारी अंथरुणातून उठवत नाही, मग माणूस बुधवारी काय खाल्लं ते शोधत बसतो. वाईट दिवस आला की मागच्या दोन दिवसांची पानं उलटा. श्रमानंतर असं उशिरानं कोसळणं हे एमई/सीएफएस या महिनोन्महिने टिकणाऱ्या थकव्याच्या आजाराचं मुख्य लक्षण आहे, आणि न विचारता ते कुणी सांगत नाही म्हणून ते निसटतं.

पुरळ, सूज, बोटं पांढरी पडणं, झटके, यांचे फोटो-व्हिडिओ तारखेसह काढा. अपॉइंटमेंटच्या दिवशी ते हमखास गायब असतं.

उभं राहिल्यावर त्रास वाढत असेल तर घरी एक साधी तपासणी करता येते. दहा मिनिटं शांत आडवं व्हा, नाडी आणि बीपी मोजा. मग उभे राहा आणि १, ३, ५ आणि १० मिनिटांनी मोजा. पहिल्या तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० नं घसरलं, किंवा बीपी फारसं न घसरता नाडी दहा मिनिटांत ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली (१२ ते १९ वयात ४०), तर आकडे कागदावर लिहून न्या. पीओटीएस नावाची अवस्था (उभं राहिलं की नाडी जास्त वाढून तशीच राहते) यातूनच लक्षात येते आणि झोपवून घेतलेल्या ईसीजीत ती दिसत नाही. अर्थात हे निदान नव्हे, पाणी कमी प्यायलेलं असणं, ॲनिमिया, औषधं यांनीही आकडे असे येतात.

सावध: ही तपासणी एकट्यानं करू नका, कुणीतरी शेजारी हवं. डोळ्यांपुढं अंधारी आली की लगेच आडवं व्हायचं, दहा मिनिटं पूर्ण करायचा हट्ट नको.

दोन आठवड्यांनंतर डायरी बंद करा किंवा आठवड्याला एकदा करा. रोज तासातासाला शरीर तपासत बसलं की प्रत्येक बारीक गोष्ट मोठी वाटायला लागते, आणि डॉक्टर ४० पानं वाचणारही नाहीत.

## ३. एक पान तयार करा

सगळ्या खटाटोपात जास्तीत जास्त वेळ द्यायचा तो या पानाला. एकच पान, टाइप केलेलं, आणि क्रम असा:

पहिल्या दोन ओळींत वय, आजाराआधी काय करत होतात आणि आता काय जमत नाही. मग सुरुवात कशी झाली, एकदम की हळूहळू, आधी ताप, ऑपरेशन, बाळंतपण, अपघात, नवीन औषध, प्रवास असं काही होतं का. मग त्रासाची तीनच मोठी लक्षणं. मग कशानं वाढतं, कशानं उतरतं. मग झालेल्या टेस्ट तारीख आणि आकड्यासह, "नॉर्मल" हा शब्द नको, आकडा लिहा. मग केलेले उपचार आणि त्यांचा परिणाम. घराण्यात काय आजार आहेत ते. शेवटी तुमचा एक प्रश्न.

लोक अडकतात ते लक्षणं लिहिताना. "खूप थकवा येतो" हे वाक्य डॉक्टर दिवसातून वीस वेळा ऐकतात, त्यातून काहीच कळत नाही. "पूर्वी जिने चढून ऑफिसला जायचो, आता केस धुतले की दोन तास आडवं व्हावं लागतं, आणि महिन्यातले साधारण दहा दिवस घराबाहेर पडता येत नाही" हे लिहिलं की चित्र उभं राहतं. "चक्कर" या एका शब्दाखाली तर तीन वेगळ्या गोष्टी लपतात: खोली फिरणं, अंधारी येणं आणि तोल जाणं. तिन्हींच्या वाटा वेगळ्या, एक कानाकडं, एक रक्तदाब-हृदयाकडं, एक मेंदू-नसांकडं. नेमकं कुठलं ते लिहा.

नेटवर वाचलेलं आजाराचं नाव पानाच्या डोक्यावर लिहू नका. लिहायचंच तर खाली, प्रश्न म्हणून: "अमुक असू शकतं का, नसेल तर कशावरून नाही?" वर लिहिलं की पुढची सगळी चर्चा त्या नावाभोवती फिरते आणि तुमची लक्षणं बाजूला पडतात.

तपासा: पान घरातल्या कुणाला तरी द्या, दोन मिनिटांनी काढून घ्या आणि विचारा, "मला काय होतंय?" त्यांना सांगता आलं नाही तर परत लिहा.

## ४. एकच डॉक्टर मध्यभागी ठेवा

प्रत्येक स्पेशालिस्ट आपला अवयव बघतो आणि "माझ्याकडचं काही नाही" म्हणतो, ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण असे सहा जण म्हणाले की घरचे त्याचा अर्थ "काहीच नाही" असा लावतात, हळूहळू पेशंटही लावतो. म्हणून सगळे रिपोर्ट ज्याच्याकडं परत येतात असा एक फिजिशियन किंवा फॅमिली डॉक्टर हवा, जो तुकडे जोडेल.

कसा ओळखायचा? जो "मला माहीत नाही" म्हणू शकतो आणि तरी पुढची तारीख देतो. मला तरी नावाजलेल्या आणि घाईतल्या डॉक्टरपेक्षा असा डॉक्टर जास्त कामाचा वाटतो. बदलायचा कधी? दोन-तीन भेटींत अंगाला हात लावून तपासलंच नाही, नवीन लक्षण सांगितलं तरी ऐकलंच नाही, तर बदला. बदलताना मात्र पूर्ण फाइल सोबत द्या. "आधीचं काही सांगत नाही, बघू हा काय म्हणतो" अशी परीक्षा घेणं म्हणजे त्याच टेस्ट परत आणि तोच वेळ परत वाया.

## ५. अपॉइंटमेंट

पहिल्या मिनिटात पान हातात द्या आणि आज काय हवंय ते सांगा. सोबत एक माणूस न्या, पण तुमच्या वतीनं बोलायला नको, त्यानं स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला, आणि नोट्स घ्यायला. डोकं जड असतं तेव्हा बाहेर आल्यावर निम्मं आठवत नाही.

तीन प्रश्न विचाराच:

- तुमच्या मनात कुठल्या शक्यता आहेत, आणि कुठल्या तुम्ही नाकारल्यात, कशावरून?
- यात धोक्याचं काय असू शकतं आणि ते तपासून झालंय का?
- काय बदललं तर मी तारखेच्या आधी यायचं?

"टेन्शनमुळं होतंय" असं ऐकायला मिळतंच. भांडू नका आणि गपही बसू नका. डिप्रेशन, अँग्झायटी यांनी शरीराला खरोखर त्रास होतो, आणि लांबलेल्या आजारानंही डिप्रेशन येतं, दोन्ही एकत्र असू शकतं. शांतपणे विचारा, "हे कशावरून वाटतं, फक्त रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून की काही दिसलं म्हणून?" फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डरचंही (मेंदू-नसांची रचना ठीक पण काम बिघडलेलं) निदान तपासणीत दिसणाऱ्या ठरावीक खुणांवरून करतात, नुसत्या नॉर्मल एमआरआयवरून नाही. मनाचा उपचार सुचवला तर घ्या, पण "त्यासोबत शारीरिक शोध चालू राहील ना?" हे त्याच भेटीत पक्कं करा.

## ६. टेस्ट: करायच्या आधी थांबा

प्रत्येक टेस्टआधी एकच विचारायचं, पॉझिटिव्ह आली तर आपण काय वेगळं करणार, निगेटिव्ह आली तर काय. दोन्हीला उत्तर "काही नाही" असेल तर ती टेस्ट नको.

भरमसाट पॅकेज का नकोत ते सांगतो. रिपोर्टवरची नॉर्मल रेंज बहुधा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसतात, म्हणजे पूर्ण ठणठणीत माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या २० टेस्ट केल्या तर एक तरी रेंजबाहेर यायची शक्यता साधारण ६४ टक्के. मग त्या एका आकड्यामागं चार महिने जातात. एएनए टेस्टचंही (शरीर स्वतःवरच उलटलंय का ते बघणारी रक्ततपासणी) तसंच, रक्ताचा नमुना ८० पट पातळ करून म्हणजे १:८० ला ती साधारण १३ टक्के निरोगी लोकांतही पॉझिटिव्ह येते आणि १:१६० ला ५ टक्के, नुसत्या तेवढ्यावरून ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा एक आजार) ठरत नाही.

उलट बाजूनं, चुकीच्या तयारीमुळं खरा आजार सुटतो. हे नेहमीचे घोळ:

- सीलिएक (ग्लुटेननं आतड्याला इजा होणारा आजार): गव्हासारखं ग्लुटेन असलेलं धान्य आधीच बंद करून टेस्ट केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आधी टेस्ट, मग पथ्य.
- थायरॉइड: केस-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, त्यानं काही लॅबमधे आकडे चुकतात. कधी थांबवायचं ते लॅबला विचारा.
- कॉर्टिसॉल (शरीरातलं एक हॉर्मोन): सकाळी आठच्या सुमाराला. स्टेरॉइडचं इंजेक्शन, इन्हेलर, क्रीम यांचा परिणाम होतो, आधी सांगा.
- बी १२: गोळ्या सुरू केल्यावर मोजलं की आकडा छानच दिसणार.
- लोह: हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही फेरिटिन (लोहाचा साठा) कमी असू शकतं, आणि शरीरात सूज-दाह असेल तर फेरिटिन खोटं चांगलं दिसतं. त्यामुळं दोन्ही आकडे बघा आणि सोबत सीआरपी (दाह दाखवणारी टेस्ट).
- ट्रिप्टेज (ॲलर्जीच्या झटक्यात रक्तात वाढणारा पदार्थ): ॲलर्जीसारखे झटके येत असतील तर झटक्यानंतर चार तासांच्या आत रक्त द्यावं लागतं, आणि तुलनेसाठी पूर्ण बरं वाटल्यावर परत एकदा. आठवड्यानं जाऊन उपयोग नाही.
- होल्टर (अंगावर लावून सतत ईसीजी नोंदवणारं यंत्र): धडधड पंधरा दिवसांतून एकदा होत असेल तर २४ तासांच्या होल्टरमधे ती सापडणार कशी? जास्त दिवसांचा मॉनिटर मागा.

जेनेटिक टेस्ट झाली असेल आणि काही सापडलं नसेल तर डेटा जपून ठेवा. नवीन जीन्स माहीत होत राहतात, त्यामुळं काही वर्षांनी तोच डेटा परत तपासून काहींना उत्तर मिळतं. आणि अपेक्षा जमिनीवर ठेवा, अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं २००८ मधे निदान न झालेल्या आजारांसाठी खास कार्यक्रम सुरू केला, तिथं पोचलेल्या सगळ्यांनाही नाव मिळत नाही.

## ७. उपचार: एका वेळी एकच बदल

नाव नसलं तरी झोप, दुखणं, मायग्रेन, मळमळ, उभं राहिल्यावर येणारी अंधारी यांवर उपचार होतात. ते मागा, "आधी निदान" म्हणून अडून बसू नका.

पण नवीन गोळी, नवीन डाएट आणि नवीन सप्लिमेंट एकाच आठवड्यात सुरू केलं तर बरं वाटलं तरी कशानं ते कळत नाही, वाईट वाटलं तरी कळत नाही. सुरू करायच्या आधी लिहा: काय सुधारलं तर फायदा झाला म्हणायचं, किती आठवडे द्यायचे (डॉक्टरांना विचारून, काही औषधांना चार-सहा आठवडे लागतात), काय झालं तर लगेच थांबून फोन करायचा.

व्यायामाबद्दल सगळे सल्ले देतात. डायरीत श्रमानंतरचं ते उशिरा कोसळणं दिसत असेल तर "रोज थोडं थोडं वाढवत न्या" हा सल्ला उलटा पडू शकतो, ब्रिटनच्या एनआयसीई या उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या संस्थेनं २०२१ च्या गाइडलाइनमधे एमई/सीएफएससाठी असा ठरवून वाढवत नेणारा व्यायाम देऊ नये असं स्पष्ट सांगितलंय. तसं कोसळणं दिसत नसेल तर मात्र फिजिओकडं हळूहळू सुरू केलेल्या व्यायामानं फायदा होऊ शकतो. दोन्हींत फरक करायला डायरी लागते, अंदाज नाही.

सावध: जो टेस्टही स्वतःच विकतो, औषधही स्वतःच विकतो आणि वर "मुळापासून शंभर टक्के" म्हणतो, तिथून उठून या.

## ८. दिवस लावणं

हे निदानाची वाट न बघता आजच सुरू करायचं. डायरीतून बघा की किती केलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फटका बसत नाही. तो तुमचा पाया. चांगल्या दिवसाचा हिशोब इथं धरायचा नाही, साध्या किंवा वाईट दिवसाचा धरायचा, आणि त्याच्याही थोडं खालीच थांबायचं.

सगळ्यात जास्त नुकसान चांगला दिवस करतो. सकाळी बरं वाटलं की साठलेले कपडे, बँक, पाहुणे, सगळं एकाच दिवशी उरकलं जातं आणि पुढचे चार दिवस गेले. नियम सोपा आणि पाळायला अवघड: चांगल्या दिवशीही ठरलं तेवढंच, दमल्यावर नाही, दमायच्या आधी थांबायचं. मोठ्या कामाचे तुकडे करा आणि मधे खरंच आडवं व्हा, डोळे मिटून, मोबाइल बाजूला, स्क्रोल करत पडणं आरामात मोजू नका. फोनवरचं भांडण, फॉर्म भरणं, गोंगाटातलं बोलणं हेही श्रमच, तेही मोजा. अंघोळीला स्टूल, ओट्याशी उंच खुर्ची, लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीला, या गोष्टींची लाज वाटते सुरुवातीला, पण वाचलेली ताकद दुसरीकडं वापरता येते.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. गरज नसताना दिवसेंदिवस पूर्ण आडवं राहिलं की स्नायू उतरतात आणि उभं राहिल्यावरची चक्कर वाढते. पायाच्या आत राहून जेवढं हलता येईल तेवढं हलायचं, अगदी पडल्या पडल्या पावलं हलवणंही चालेल.

बऱ्या दिवशी एक कागद करून ठेवा: कोसळलो तर कुठली औषधं, काय खायला द्यायचं, कुणाला फोन, कुठली कामं आपोआप रद्द, आणि कशावरून दवाखान्यात न्यायचं. त्या दिवशी तुम्हाला हे सांगता येणार नाही.

## ९. घर आणि नोकरी

घरच्यांना "मला समजून घ्या" म्हटलं की ते मान हलवतात आणि काही बदलत नाही. काम वाटून मागा: "कपडे वाळत घालणं आजपासून तू, रात्रीची भांडी मी बसून." सल्ले देणाऱ्या नातेवाइकांसाठी एकच वाक्य पाठ करा, "डॉक्टरांच्या हाताखाली चालू आहे, त्यांना विचारून बघते," आणि विषय बदला.

ऑफिसला निदान लागतंच असं धरून लोक रजा, सवलत मागतच नाहीत. डॉक्टर लक्षणांवरही सर्टिफिकेट लिहू शकतात, आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक कोड-यादीमधे लक्षणांसाठी 'आर' हा वेगळा विभागच आहे, उदाहरणार्थ थकवा-गळून जाणं याला आर ५३. पत्रात आजाराच्या नावापेक्षा मर्यादा लिहून घ्या: सलग किती वेळ बसता येतं, उभं राहता येतं, किती वेळानं आराम लागतो, घरून काम केल्यानं काय फरक पडतो, हे किती महिन्यांनी परत तपासायचं. "आरामाची गरज आहे" एवढ्या एका ओळीच्या पत्रावर एचआर काहीच करू शकत नाही.

## १०. शोधाला सुट्टी द्या, पण तारीख टाकून

धोक्याचं तपासून झालं आणि नवीन धागा नसेल तर डॉक्टरांशी बोलून तीन ते सहा महिने शोध थांबवा. या काळात नवीन टेस्ट नाही, नवीन स्पेशालिस्ट नाही, रात्री बारा वाजता नेटवर शोधणं तर नाहीच. फक्त उपचार आणि टप्पा आठ. हे हार मानल्यासारखं वाटतं म्हणून कुणी करत नाही, पण सतत शोधात राहून होतं काय तर जी काही ताकद आहे ती वेटिंग रूममधे जाते.

तारखेआधी फाइल उघडायची ती या कारणांनी: पूर्ण नवीन लक्षण, डोळ्यांना दिसणारी किंवा मोजता येणारी खूण, वजनात घट, चालण्यात किंवा ताकदीत उतार, घराण्यात कुणाला नवीन निदान होणं. आणि नवीन काहीही झालं की "तेच असेल" असं तुम्हीही म्हणू नका आणि डॉक्टरांनाही म्हणू देऊ नका. जुनाट आजार असलेल्या माणसालाही अपेंडिक्स होतं.

ठरलेली तारीख आली की पान नव्यानं लिहा, जुन्यात खाडाखोड नको. जुन्या पानावर तारीख टाकून ते फाइलमधे मागं लावा. दोन-तीन वर्षांची अशी पानं एकाखाली एक ठेवली की आजार वाढतोय, थांबलाय की रूप बदलतोय हे पुढच्या डॉक्टरला पाच मिनिटांत दिसतं.